मनात शंका असताना रविवार शाळेत शिकवावे का?

वर्गशिक्षिका

मी नाशिकमध्ये राहते आणि आमच्या मंडळीच्या रविवार शाळेत मोठ्या मुलांचा, म्हणजे दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्याची वचने मोठेपणी स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या) तयारीला लागण्याआधीच्या मुलांचा वर्ग घेते. गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ आजारपणात गेला. प्रार्थनेविषयी ज्या गोष्टी मी वर्षानुवर्षे मुलांना सांगत आले, त्यांतील काही मला तेव्हापासून तितक्या खात्रीने सांगता येत नाहीत. दिवसा कोणी विचारले तर ख्रिस्त माझा तारणारा आहे असे मी मनापासून म्हणते. रात्री मात्र आपण मागतो ते ऐकून देव नेमके काय करतो हा प्रश्न उभा राहतो, आणि कधी कधी ऐकणारा कोणी आहे का, इथपर्यंत मन जाते.

मला सांत्वन नको आहे, ते घरच्यांनी आणि मंडळीने पुष्कळ केले. माझा प्रश्न सरळ आहे. अशा मनःस्थितीत मी वर्ग चालू ठेवणे प्रामाणिक ठरेल, की तो दुसऱ्याच्या हाती देऊन बाजूला व्हावे?

जुना_उपासक

ताई, आपण सांत्वन नको म्हणालात म्हणून मीही स्पष्ट लिहितो. माझ्या मते आपण काही काळ वर्ग सोडावा. याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात संशय धरणाऱ्याला वाऱ्याने हेलकावणाऱ्या समुद्राच्या लाटेची उपमा दिली आहे, आणि त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल, असा इशारा आहे. लहानांना अडखळवणाऱ्याविषयी प्रभू स्वतः मत्तयाच्या अठराव्या अध्यायात काय बोलले, ते आपल्याला माहीत असेलच. शंका येणे हे पाप आहे असे मी म्हणत नाही. परंतु शिकवणाऱ्याच्या मनातील डळमळ मुलांना लगेच कळते, आणि आपल्याला दुःखातून जे विचार सुचले ते त्यांना दुःख न भोगताच मिळतात. माझा नातू अशाच एका वर्गात जातो, म्हणून हे कळकळीने लिहीत आहे.

नाशिकरोडचा_जोसेफ

येशूचा शिष्य थोमा बिचारा, पुनरुत्थित येशू भेटला त्या रविवारच्या सभेला गैरहजर राहिला आणि स्वतः पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणाला, तर दोन हजार वर्षे त्याच्या नावापुढचे 'संशयी' हे बिरूद सुटले नाही. आमच्याकडे बुधवारच्या प्रार्थनासभेला वर्षभर न येणारे आहेत, त्यांना मात्र आम्ही 'समितीचे माननीय सदस्य' म्हणतो.

गंगापूर_रोड

काकांच्या पहिल्या संदर्भाबद्दल थोडे. याकोबाने लाटेची उपमा दिली आहे ती ज्ञान मागण्याच्या संदर्भात, आणि तिच्या अगदी आधीच्या वचनात म्हटले आहे की देव सर्वांना उदारपणे देतो आणि मागणाऱ्याला दोष लावत नाही. ताई तर ज्ञानच मागत आहेत. शिवाय यहूदाच्या छोट्याशा पत्रात, बाविसाव्या वचनात, जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करावी असे सांगितले आहे. ही दोन्ही पत्रे एकाच नव्या करारातली आहेत, तेव्हा एक दाखवून दुसरे झाकता येणार नाही.

दुसरा संदर्भ मला या प्रश्नासाठी सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो फारसा कोणी वाचून दाखवत नाही. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात अकरा शिष्य गालीलातील डोंगरावर जातात, पुनरुत्थित येशूला पाहून त्याला नमन करतात, आणि तिथेच, सतराव्या वचनात, कित्येकांना संशय वाटला असे लिहिले आहे. यानंतर येशू काय करतो? ज्यांना संशय वाटला त्यांना बाजूला काढतो का? तो सर्वांना मिळून सांगतो की जा, सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा आणि त्यांना शिकवा. शिकवण्याची आज्ञा ज्या घोळक्याला मिळाली त्यात शंका असलेली माणसे होती, हे मत्तयाने लपवलेले नाही.

जुना_उपासक

संदर्भ उत्तम दिलात. पण ते शिष्य त्या डोंगरावरून उतरून थेट शिकवायला गेले नाहीत. ते यरुशलेमेत थांबले, पेन्टेकॉस्टच्या दिवशी त्यांना पवित्र आत्मा मिळाला आणि मग त्यांनी तोंड उघडले. मीही ताईंना थांबा एवढेच म्हणत आहे.

आणखी एक गोष्ट. आमच्या पूर्वजांनी नाशिकच्या शरणपूर या ख्रिस्ती वस्तीत आसरा घेतला तेव्हा घरदार, जात, भाऊबंद सगळे सुटले होते. त्या पिढीला शंका घेण्याची चैन परवडणारी नव्हती. आता सगळे स्थिरस्थावर झाल्यावर आपल्याला शंका सुचतात, असे मला कधी कधी वाटते.

तर्कनिष्ठ

मी नास्तिक आहे, पण हा धागा आवडीने वाचत आहे, म्हणून एक हरकत नोंदवतो. तुमच्या चर्चेत शंकेचा शेवट आधीच ठरलेला दिसतो. शंका आली, घुसमट झाली, वचन वाचले आणि विश्वास पुन्हा बळकट झाला, एवढाच मार्ग मान्य असेल, तर तिला प्रामाणिक शंका कसे म्हणायचे? ज्या चौकशीतून 'नाही' हे उत्तर निघू शकत नाही, ती चौकशी नव्हे.

जलालपूरकर

आधी काकांच्या पूर्वजांविषयी. ज्या माणसांनी घरदार सोडले, त्यांनी ते सोडण्याआधी लहानपणापासून शिकवलेल्या गोष्टींवर शंका घेतल्या होत्या, म्हणून तर ती तिथवर पोहोचली. शंका ही त्या पिढीची चैन नव्हती, तिच्यापायीच त्यांना सगळे गमवावे लागले.

आपल्या परिसरातले उदाहरण देतो. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला, पण लक्ष्मीबाई त्यांच्या पाठोपाठ गेल्या नाहीत. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. मधल्या काळात त्या रडल्या, भांडल्या, नवऱ्यापासून दूर राहिल्या, नंतर त्यांच्याबरोबर राहूनही सोवळे पाळत राहिल्या, आणि सोवळे सुटले ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने सुटले. नवरा एवढा मोठा कवी आणि उपदेशक असूनही त्याचा शब्द त्यांनी पुरावा म्हणून स्वीकारला नाही. पुढे टिळकांच्या मागे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचे काव्य त्याच बाईंनी पूर्ण केले. त्यांना घाई करायला लावली असती, तर एक नाममात्र ख्रिस्ती बाई मिळाली असती.

याहून जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे, कारण त्यांच्या शंका बाप्तिस्म्यानंतरच्या आहेत. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा झाल्यावर त्यांचा तिथल्या मठातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या) सिद्धांतावरून आणि चर्चच्या अधिकारावरून प्रदीर्घ पत्रव्यवहार झाला. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून आपण दुसऱ्याचे जोखड मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे त्यांनी स्पष्टपणे लिहिले. ही पत्रे छापलेली आहेत. त्यांच्या श्रद्धेला खरा स्थिरपणा आला तो १८९१ च्या सुमारास, असे त्यांनीच सांगितले आहे. म्हणजे १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले तेव्हा त्यांचे सगळे प्रश्न सुटलेले नव्हते. काम थांबवून त्या उत्तराची वाट पाहत बसल्या नाहीत.

जुना_उपासक

पूर्वजांविषयीचे आपले म्हणणे मला पटले. रमाबाईंचे उदाहरण मात्र पूर्ण लागू पडत नाही. शारदा सदनात त्या विधवांना शिक्षण देत होत्या, आणि तिथे धर्मोपदेश करणार नाही असेच सुरुवातीचे धोरण होते. ताई विश्वासाचाच वर्ग घेतात.

सिस्टरची_भाची

मी कॅथलिक आहे. आमच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात २०८८ व्या परिच्छेदात दोन प्रकारची शंका वेगळी काढली आहे. प्रकट झालेले सत्य मुद्दाम दुर्लक्षायचे किंवा नाकारायचे, हा एक प्रकार. विश्वास ठेवताना मन अडखळणे, आक्षेपांची उत्तरे न सापडणे, श्रद्धेतील अंधाराने मन अस्वस्थ होणे, हा दुसरा. ताईंची अवस्था दुसऱ्या प्रकारची आहे हे उघड आहे. हा दुसरा प्रकार जोपासत राहिला तर आंधळेपणाकडे नेऊ शकतो, असेही तिथे सांगितले आहे, तेव्हा काकांची काळजी अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

मदर तेरेसांची खाजगी पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा आमच्याकडे अनेकांना धक्का बसला होता. कोलकात्यात मरणासन्न माणसांची सेवा करणाऱ्या या बाईंना कित्येक दशके प्रार्थनेत देवाची जाणीवच होत नव्हती, आतून सगळे रिकामे वाटत होते, हे त्यांनी आपल्या धर्मगुरूंना लिहून कळवले होते. ही पत्रे उघड झाल्यानंतरही २०१६ मध्ये त्यांना संत घोषित करण्यात आले.

तर्कनिष्ठ

हे उदाहरण माझ्या बाजूचे आहे, असे मी नम्रपणे सुचवतो. अनेक दशके उत्तर आले नाही, तर सर्वांत सोपा निष्कर्ष कोणता?

सिस्टरची_भाची

तुम्ही काढता तो निष्कर्ष त्यांनाही सुचला असणार. तो त्यांनी काढला नाही, हेही त्याच पत्रांतून दिसते. त्याला तुम्ही हट्ट म्हणाल, मी निष्ठा म्हणेन. या फरकाचा निकाल इथे लागणार नाही.

निवृत्त_पाळक

तर्कनिष्ठ यांच्या हरकतीला उत्तर द्यायला हवे, कारण तिला बगल दिली तर हा सगळा धागा अप्रामाणिक ठरेल. होय, शंकेतून 'नाही' हे उत्तर निघू शकते, आणि निघते. मी सेवेत असताना अशी माणसे मंडळीतून गेली आहेत, त्यांतील काही फार सचोटीची होती. योहानाच्या सहाव्या अध्यायात येशूचे बोलणे कठीण वाटून त्याच्या शिष्यांपैकी पुष्कळ जण परत गेले. त्यांना अडवण्याकरिता त्याने आपले बोलणे सौम्य केले नाही. उलट बारा जणांकडे वळून त्याने विचारले की, तुमचीही निघून जाण्याची इच्छा आहे काय? ज्याला दार बंद ठेवायचे आहे, तो हा प्रश्न विचारत नाही. पेत्राचे उत्तरही लक्षात घेण्यासारखे आहे. आम्हाला सगळे समजले असे तो म्हणत नाही, आम्ही कोणाकडे जाणार असे म्हणतो.

आता ताईंसाठी. तुरुंगात पडलेल्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने आपल्या शिष्यांना पाठवून येशूला विचारले की, जो येणार होता तो आपणच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? हे विचारणारा माणूस कोण होता? ज्याने यार्देनेच्या काठी साऱ्या लोकांसमोर येशूविषयी साक्ष दिली, तोच. तुरुंगाच्या भिंतींनी त्याची साक्ष हलवली. येशूने त्याला धाक घातला नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, हे जे दिसते आहे ते जाऊन सांगा, एवढेच त्याने निरोप्यांना सांगितले. निरोपे गेल्यावर त्याने लोकांपुढे योहानाची जी स्तुती केली, तशी कोणाची केली नाही. आणि योहान तुरुंगातून सुटला नाही, हेही वाचताना विसरू नये. त्याचे शीर तबकात गेले. त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळाले, सुटका मिळाली नाही. ताई, तुमच्या भावाच्या बाबतीत मला याहून अधिक काही सांगता येत नाही.

नाशिकरोडचा_जोसेफ

थोडे विषयांतर. परंपरेनुसार इ. स. ५२ मध्ये भारताच्या किनाऱ्यावर उतरला तो थोमाच. बाराही जणांत शंकेखोर म्हणून ज्याची ओळख, तो इतक्या लांब आला, आणि मैलापूरला त्याने प्राण दिला असे मानतात. ३ जुलैला आम्ही त्याचा सण पाळतो.

जुना_उपासक

तो निघाला तेव्हा त्याला उत्तर मिळालेले होते, एवढे लक्षात असू द्या. 'माझा प्रभू व माझा देव' म्हटल्यानंतर तो निघाला, आधी नव्हे.

नाशिकरोडचा_जोसेफ

काका, तुम्ही माझ्या विषयांतरालाही विषयावर आणून सोडलेत.

परिचारिका_देवळाली

इथे सगळे शिकवणाऱ्याविषयी बोलत आहेत. ताई, वर्गात नेमके काय घडले? काहीतरी घडल्याशिवाय माणूस असा प्रश्न विचारत नाही. मी रुग्णालयात काम करते. 'नीट प्रार्थना केली असतीत तर वाचला असता' असे नातेवाईकांना ऐकवणारी माणसे मी खाटेशेजारी उभी असताना पाहिली आहेत. अशा खात्रीपेक्षा शंका परवडली, असे मला त्या वेळी वाटते.

वर्गशिक्षिका

विचारलेच आहे तर सांगते. याईराच्या मेलेल्या मुलीला येशूने उठवले, तो धडा होता. आमच्याकडे अजूनही फलालीने मढवलेला जुना फलक आहे, त्यावर कागदी चित्रे चिकटवून गोष्ट सांगायची. मुलीचे आडवे चित्र काढून मी उभे चित्र लावले, आणि पहिल्या बाकावरच्या मुलाने विचारले की, टीचर, आपण तुमच्या भावासाठी दर रविवारी प्रार्थना करत होतो ना? त्याच्या आवाजात खोडी नव्हती. यादीत माझ्या भावाचे नाव लिहिण्याचे काम त्याच्याचकडे होते. मी 'देवाची इच्छा आपल्याहून मोठी असते' असे म्हणाले. ते खरे असेलही, पण त्या क्षणी मी ते त्याला गप्प करण्यासाठी वापरले, आणि तो गप्प झाला.

निवृत्त_पाळक

मग प्रश्न थोडा बदलतो. मुलाला शंका तुमच्यामुळे आली नाही, ती त्याच्याजवळ होती. तुम्ही वर्ग सोडलात तरी ती त्याच्याजवळ राहणार आहे, आणि तुमच्या जागी येणारा तिला काय उत्तर देईल याची खात्री नाही.

जुना_उपासक

हे मी लक्षात घेतले नव्हते. तरीही माझी एक अट कायम आहे. ताईंनी हे सगळे आपल्या पाळकांना सांगावे. मंडळीने ज्याला शिकवायला नेमले, त्याच्या मनात काय चालले आहे हे जाणण्याचा मंडळीला अधिकार आहे. मनात एक आणि तोंडावर एक ठेवून शिकवणे मला मान्य नाही.

गंगापूर_रोड

या अटीशी मी पूर्ण सहमत आहे. मात्र पाळकांनीही ते ऐकून घाबरून जाऊ नये. शंका बोलून दाखवली की लगेच तिच्यासाठी उपास-प्रार्थना जाहीर करणाऱ्या मंडळ्या आहेत, आणि म्हणूनच माणसे तोंड उघडत नाहीत.

निफाडचा_बागायतदार

मी शिकवत नाही, शेती करतो. सर्वांनी नव्या करारातले दाखले दिले म्हणून जुन्यातला एक देतो. हबक्कूकच्या तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी म्हटले आहे की अंजिराला फूल आले नाही, द्राक्षवेलींना फळ आले नाही, शेतांनी अन्न दिले नाही, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. आमच्या तालुक्यात हे वचन काव्य म्हणून कोणी वाचत नाही. ऑक्टोबरची छाटणी झाली, फुलोरा आला आणि नेमका तेव्हाच अवकाळी पाऊस झाला, की पहाटे बागेत जाऊन घड हातात धरून पाहावा लागतो. फुले गळून हाताला लागतात, पानामागे डावणीची पांढरी बुरशी दिसते, आणि फवारणीचा खर्च केला तरी घड राहतील याचा भरवसा नसतो. अशा वर्षीही पिकाबद्दल आभार मानण्याची उपासना होते आणि मी जातो. आनंद होतो असे म्हणणार नाही. जातो, एवढेच म्हणतो.

तर्कनिष्ठ

या धाग्यात मला सर्वांत कमी वाद घालावासा वाटलेला प्रतिसाद हा आहे.

परिचारिका_देवळाली

बागायतदार दादांनी तिसरा अध्याय सांगितला. पण त्या पुस्तकाची सुरुवातच 'मी किती वेळ आरोळी मारू आणि तू ऐकणार नाहीस' अशी तक्रार घेऊन होते. तक्रार करणारा संदेष्टा आहे, बाहेरचा टीकाकार नव्हे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्रही असेच आहे, बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात, हे अंधारातच संपते. तरी ते कोणी गाळले नाही.

वर्गशिक्षिका

सर्वांचे आभार. मी आज आमच्या पाळकसाहेबांशी बोलले. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतले आणि वर्ग सोडू नका असे सांगितले. मात्र काही महिने दुसऱ्या एका शिक्षकांनी माझ्याबरोबर वर्गात बसावे, आणि आरोग्यदानाच्या चमत्कारांचे धडे सध्या त्यांनी घ्यावेत, असे ठरवले. काकांना हे अर्धवट वाटेल, पण मला योग्य वाटले. त्या मुलाला मी येत्या रविवारी सांगणार आहे की त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला येत नाही, आणि मग हबक्कूकचा पहिला अध्याय सर्वांनी मिळून वाचणार आहोत.

जुना_उपासक

अर्धवट वाटत नाही. दोन साक्षीदार असणे शास्त्राला धरूनच आहे. पण ताई, पुस्तक तीनच अध्यायांचे आहे, पहिल्यावर थांबू नका. नीतिमान विश्वासाने जगेल हे दुसऱ्या अध्यायात आहे आणि बागायतदारांचे वचन तिसऱ्यात. एका तासात तिन्ही सहज होतात.

वर्गशिक्षिका

काका, तिन्ही होतील, पण एकाच रविवारी नाही. पहिल्या अध्यायानंतर मुलांनी आपापले प्रश्न कागदावर लिहावेत आणि आठवडाभर ते तसेच राहू द्यावेत, असे मनात आहे. संदेष्ट्यालाही बुरुजावर उभे राहून वाट पाहावी लागली होती.

जुना_उपासक

ठीक आहे. माझा नातू आमच्या मंडळीच्या वर्गात जातो, त्याच्या शिक्षकांनाही हे सुचवून पाहतो. नोहाच्या तारवात डास कशाला घेतले, हा प्रश्न तो मला गेल्या वर्षीपासून विचारत आहे.